चूल एकच समजा

रविवार, २३ नोव्हेंबर

आलो एकदाचे गोराईला! सामानाचा टेंपो भाईंदरकडून वळसा घालून येणार आणि आम्ही तिघं बोरीवलीच्या जेट्टीवरून बोटीने, असं ठरलं होतं. आमचा चहा झाला, भजी झाली, आमच्या लेकीचं, गंधालीचं, खाडीतल्या प्रत्येक बगळ्याला नाव देऊन झालं, तरी टेंपोचा पत्ता नाही. शेवटी आला, सामान उतरलं, आणि माझ्या कपाटाची किल्ली ड्रायव्हरच्या खिशात बसून परत भाईंदरला गेली. देवदत्त म्हणाला, चला क्षमाबाई, आता महिनाभर तरी नवी साडी मागणार नाहीस. नवऱ्यांना अशा वेळीच विनोद सुचतात.

पण घर मात्र झकास आहे. पुढे ओटी, आत दोन खोल्या, मागे पडवी आणि नारळाची सावली. मालकीण यव्होन, दहिसरला राहते, बोलायला मोकळी बाई. इतकी वर्षं विमा कंपनीत लोकांच्या मरणाच्या फायली हलवल्यावर मी नोकरी सोडली ती याच पडवीसाठी. शनिवार-रविवारी इथे किनाऱ्यावर अर्धी बोरीवली येते. त्यांना चुलीवरचं जेवण घालायचं. मुंबईच्या माणसाला चुलीवरचं म्हटलं की दगडही गोड लागतो.

शेजारी भिंतीला भिंत लावून मार्सेलिना आंटींचं घर. सत्तरीच्या असतील. गुडघ्यापर्यंत उचललेली लुगड्याची कास, गळ्यात क्रूस, आणि अंगावर मांस म्हणून नाही. सामान लावत होतो तेव्हाच फुगिया घेऊन आल्या, म्हणजे हे लोक पावाच्या पिठाचे गोल तळतात ते. गंधालीने चार फस्त केले. घरात कोण कोण विचारलं तर म्हणाल्या, आमी तिघं. नवरा कॉस्मस आणि मुलगा एल्टन, दोघंही दर्यावर जातात. अजून दिसले नाहीत.

बुधवार, २६ नोव्हेंबर

चूल निवडणं हे नवरा निवडण्यासारखं आहे. बघायला पुष्कळ, भरवशाची एखादीच.

देवदत्तला कुर्ल्याच्या भंगारबाजारात एक बिडाची शेगडी सापडली. कुठल्याशा जहाजावरची, झाकणाची, नळकांड्याची. तो तिच्या प्रेमातच पडला. दार लागत नाही आणि एक पाय लंगडा आहे एवढं सोडलं तर उत्तम, असं म्हणतो. मी विचारलं, ही बोटीत घालून आणलीस तर आपण पोहत यायचं का?

दुसरी बघितली ती बोरीवलीत, स्टीलची निर्धूर चूल. खाली पंखा, तो चार्जिंगला लावायचा. लाइट गेली की चूलही गेली! असली चूल घेण्यापेक्षा मी गॅसच बरा म्हणेन. गॅसचं म्हणाल तर सिलिंडर इथे येतो त्याच्या मर्जीने.

संध्याकाळी आंटी कंपाउंडच्या भिंतीवर हात टेकून ऐकत होत्या. हसून म्हणाल्या, "विकत कशाला, बाय? मातीची मांडते मी. माझी बघ, सासूने मांडलेली, एक दिवस दगा नाय दिला." त्यांची चूल जाऊन पाहिली. एक मोठा जाळ आणि बाजूला मंद आचेचा वैल. लाकूड कमी, धूर थेट वर. मनात भरली.

शनिवार, २९ नोव्हेंबर

मातीच ठरली. आंटींनी शेतातली माती आणली, भाताचं तूस घालून मळली. त्या वयात काय ताकद! त्यांची चूल भिंतीच्या पलीकडे आहे, तिच्या बरोबर पाठीला पाठ लावून आमची मांडली. मी पडवीच्या दुसऱ्या कोपऱ्यात म्हणत होते, वारा कमी लागेल म्हणून. पण त्या म्हणाल्या, एकीची ऊब दुसरीला लागली की माती लवकर वाळते. पटलं. गंधालीने ओल्या मातीवर बोटाने मासा काढला, तो त्यांनी पुसू दिला नाही.

गुरुवार, ४ डिसेंबर

मार्गशीर्षातला गुरुवार, त्यात दत्तजयंती. म्हटलं आजच पेटवू, गोडाचा शिरा करू.

पेटेना. कागद झाला, करवंट्या झाल्या, रॉकेलचा बोळा झाला. नुसता धूर, आणि माझे डोळे लाल. देवदत्त मोबाइलवर चूल पेटवण्याचे व्हिडिओ बघत बसला. मग आंटी आल्या. हातात खापर, त्यावर त्यांच्या चुलीतला विस्तव. ठेवला, फुंकर घातली, आणि भस्सकन जाळ धरला.

मला इतका आनंद झाला की मी त्यांचे हातच धरले. आंटी जाळाकडे बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "मग आता चूल एक समजू ना आपली?" मी म्हटलं, समजू काय विचारता, एकच समजा! तुमची माणसं ती आमची माणसं. त्यांनी परत विचारलं, नक्की? मी म्हटलं, अगदी नक्की. आपलंच घर समजा हे तर आपण पोस्टमनलाही म्हणतो. पण आंटींचे डोळे भरून आले. पदराने पुसत घरी गेल्या. एकटेपणाने माणूस किती हळवं होतं.

शिरा फार छान झाला. थोडा कमी पडला एवढंच.

बुधवार, १० डिसेंबर

रोज कमी पडतं. लग्नापासून मी तिघांना दोन वाट्या तांदूळ लावते. काल तीन लावल्या, आज चार. पातेलं भरलेलं उतरवते आणि वाढायला घेते तर डाव तळाला लागतो. देवदत्त म्हणतो, समुद्राची हवा आहे, भूक वाढते. असेलही. जेवून उठलो तरी दोघं डबे हुडकत फिरतात.

आणखी एक गंमत. आज आंटी भिंतीवरून म्हणाल्या, भेंडी छान झालेली, पण मीठ जरा कमी होतं गं. मी त्यांना भेंडी दिलीच नव्हती. मी हसून म्हटलं, वासावरून ओळखलंत वाटतं? त्याही हसल्या. नंतर भांडी घासताना सुचलं, की भेंडीचा वास येईल, मिठाचा कसा येईल?

रविवार, १४ डिसेंबर

पहिली गिऱ्हाइकं! कांदिवलीचा एक मोठा ग्रुप. वांग्याचं भरीत, तांदळाच्या भाकऱ्या, कोलंबीचं कालवण. लोकांनी बोटं चाटली, फोटो काढले, वाहवा केली. आणि मग जेट्टीवर जाऊन वडापाववर तुटून पडले. देवदत्त त्यांना सोडायला गेला होता, त्याने स्वतः पाहिलं. त्यातल्या एका बाईने त्याला हसत सांगितलं, वहिनींच्या हाताला चव आहे हो, पण पोट भरलं नाही.

दुपारी वाढत असताना पलीकडेही ताटांचा आवाज होत होता. मी इथे डाव टेकवला की तिथे भांडं वाजायचं. आंटींच्या घरी पुरुष जेवायला आले असणार. बोलण्याचा आवाज मात्र नाही. फक्त खाण्याचा.

शुक्रवार, १९ डिसेंबर

गंधालीच्या स्कर्टला पिन लावावी लागली. शाळेतून बाईंचा फोन, डबा देता ना? लाजेने मेल्यासारखं झालं. देते हो! पोळी-भाजी, लाडू, केळं, आणि ती सगळं खाऊन येते. आज आंघोळ घालताना तिच्या पाठीचे मणके मोजता आले.

जंताचं औषध दिलं. देवदत्तचा पट्टाही आतल्या भोकावर गेलाय. तो म्हणतो, जिमचे पैसे वाचले. मला हसू आलं नाही.

बुधवार, २४ डिसेंबर

गावात सगळीकडे चांदण्या टांगल्यात. आंटी चर्चमध्ये मिस्साला जाण्याआधी भेटायला आल्या. मी दारातच थबकले. गाल वर आलेत, दंडाला ब्लाउज घट्ट होतोय. दहा वर्षांनी लहान दिसतात. मला मिठी मारून म्हणाल्या, "तुझ्यामुळे, बाय. आमच्यात आता पोटभर जेवतात. एल्टनला तुझी आमटी आवडते."

मी विचारलं, कुठली आमटी? कधी दिली मी? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी विसरतेय.

गंधाली आत झोपली होती, भर दुपारी. आंटींनी तिच्या हाताकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला त्यांची भीती वाटली. आज पहिल्यांदा लिहितेय हे.

शनिवार, २७ डिसेंबर

यव्होन आली होती, नाताळात आईवडिलांच्या कबरीवर फुलं ठेवायला. मला सोबत नेलं. तिथे एका क्रुसावर दोन नावं होती. कॉस्मस आणि एल्टन. दोघांच्या मरणाची तारीख एकच.

मी यव्होनला विचारलं. तिने सांगितलं, होडी उलटली, बापलेक सापडले तेही किती दिवसांनी. तेव्हापासून मार्सेलिना आंटी रोज तिघांचं रांधते, तीन ताटं मांडते. गावाने समजावलं, फादरनी समजावलं. ती म्हणते, माझी मानसं उपाशी गेली, सकाळी बिनाखाता निघाली होती. गावातले लोक तिला जपतात, पण तिच्या चुलीवरचं कोणी खात नाही आणि तिचा विस्तव कोणी घेत नाही. यव्होनने हसून विचारलं, तू नाही ना घेतलास?

मी नाही म्हटलं. का खोटं बोलले, कळत नाही. बोलले असते तर ते खरं झालं असतं, असं वाटलं.

सोमवार, २९ डिसेंबर

चूल फोडली. स्वतः पहारीने फोडली, माती खाडीत टाकली. देवदत्तला सांगितलं, धुराने पोर आजारी पडतेय. तो तेच म्हणत होता, म्हणून खूश झाला.

आंटी भिंतीशी उभ्या राहून बघत होत्या. अडवलं नाही. ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "चूल काय माती हाय का, बाय? चूल म्हनजे मानसं."

गॅसवर खिचडी केली. मोठं पातेलं. तिघांनी सगळं संपवलं आणि गंधाली रडत म्हणाली, आई, भूक.

पलीकडे कोणीतरी समाधानाने ढेकर दिली. पुरुषाची.

गुरुवार, १ जानेवारी

दहिसरला, बहिणीकडे. रेवतीने विचारलं सुद्धा नाही, गंधालीला बघून थेट ताट वाढलं. पोर खातेय, खातेय. डोळे खोल गेलेत. रेवती स्वयंपाकघरात जाऊन रडली.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. काही नाही म्हणतात. पोटात गेलेलं जातं कुठे, असं त्यांनी मलाच विचारलं. मला माहीत आहे. कोणाला सांगू? विम्याच्या फायलीत असं कारण लिहायला रकाना नसतो.

घर सोडून उपयोग नाही. होडीत बसून आलो, खाडी ओलांडून आलो, पण आम्ही त्याच चुलीचे.

शनिवार, ३ जानेवारी

एकटी गोराईला आले. देवदत्तला म्हटलं, कपडे आणते.

आंटी जेवायला बसल्या होत्या. तीन ताटं. मी तिथेच जमिनीवर बसले आणि पाया पडले. म्हटलं, माझं पोर मरतंय. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात गरम होता. वाईट बाई नाही ती. तीच तर अडचण. म्हणाल्या, मी काय करू बाय, तीसुद्धा माझीच मानसं, पंधरा वर्सं भुकेली. आई कोनाचं तोंड मिटवेल?

मी विचारलं, तोडायचं कसं?

त्या म्हणाल्या, बोलून जोडली, बोलूनच तुटेल. पण भाऊभाऊ चूल वेगळी करतात तेव्हा वाटणी होते ना? तसंच. उपाशी मानसांच्या चुलीवरून हात हलवत कोन उठत नाय. एकाला ठेवून जायचं.

ताटांकडे बघत होते मी. मधल्या ताटातला भात कमी होत होता. हळूहळू. एका बाजूने.

मग मी चुलीसमोर बसून म्हटलं. नीट, ऐकू जाईल असं. आमची चूल वेगळी झाली. गंधाली आणि देवदत्त त्यांच्या चुलीचे. मी — क्षमा — या चुलीची.

आंटींनी चौथं ताट मांडलं.

रविवार, ४ जानेवारी

रेवतीचा फोन. गंधालीने अर्धी पोळी खाल्ली आणि म्हणाली, बस, पोट भरलं. वरणभात ठेवून दिला तिने. ठेवून दिला! मी फोन कानाला धरून इतकी रडले की तिकडे देवदत्तने घाबरून तिच्याकडून फोन घेतला. एवढंसं सुख मागायला माणसाने काय काय करावं. माझी काही तक्रार नाही.

देवदत्तला म्हटलं, तुम्ही तिकडेच राहा. इथे आंटी आजारी आहेत, मी त्यांना बघते.

बुधवार, ७ जानेवारी

घरात डब्यात होतं ते सगळं खाल्लं. लाडू, चिवडा, कच्चे पोहे. तोंडात चव लागत नाही. गिळलेलं पोटापर्यंत पोचत नाही, मध्येच कुठेतरी जातं.

आंटींकडे गेले. तिथे पातेल्यात नुसतं पाणी उकळत होतं. आंटी म्हणाल्या, माझ्या हातचं त्यांना कधी पुरलं नाय. तुमचं होतं तोवर पुरत होतं. आता तूसुद्धा खाणाऱ्यांत. रांधणारं कोन?

आज मी त्यांना पाहिलं. कॉस्मस आणि एल्टन. समोर बसले होते. ओले. माझ्याकडे रागाने बघत नव्हते. ताटं चाटत होते.

शुक्रवार

देवदत्त चिडलाय. फोनवर म्हणाला, तुझं डोकं फिरलंय, आम्ही येतोय, पोरगी आईशिवाय राहत नाही. मी नको म्हटलं. ओरडले. हात जोडले. त्याने फोन ठेवला.

आंटी वाळल्यात पुन्हा. माझा हातही बघवत नाही. भूक पोटात नाही आता, दातांत आहे, बोटांत आहे —

शनिवार

आले. मी आंटींकडेच आहे, दोघं भिंतीपलीकडे आमच्या घरात आहेत. आवाज येतोय गंधालीचा, गाणं म्हणतेय कसलंतरी. गाल भरलेत म्हणे. देवदत्त भिंतीवरून हाका मारून गेला. मी आतून कडी लावली. बरं नाही म्हटलं, संसर्ग आहे म्हटलं, जवळ येऊ देऊ नकोस तिला —

ते ऐकतात. एल्टन कान लावून ऐकतो. आंटी म्हणाल्या, "लेक चांगली जेवते हां तुझी." एवढंच म्हणाल्या. मी त्यांचं तोंड दाबलं. मग बघितलं तर माझ्याच तोंडाला पाणी —

देवा. माझी पोर आहे ती.

रविवार

तिकडे गॅसवर काहीतरी शिजतंय. तूप. जिऱ्याची फोडणी. तिने हात धुतले, तो नळाचा आवाज सुद्धा — सगळं ऐकू येतं मला — ती घास घेते तेव्हा —

चूल पुन्हा जोडायची तर रांधणाऱ्या घरातलं कोणीतरी लागतं, तीच लागते. तिने इथे येऊन एक घास खाल्ला की झालं. मी बोलावणार नाही. मी कडी काढणार नाही. लिहीत राहीन. हात कागदावर असला की —

दुपार

ती दारात आहे.

आई, बाबा झोपलेत, मी आले, म्हणतेय. आई, तू जेवलीस? मी आत येऊन बसू तुझ्याजवळ?

गंधा, घरी जा. असं म्हणायचं. दोन शब्द. म्हणतेय मी, तोंड उघडत नाही — उघडलं तर लाळ —

आंटी चुलीजवळ रडताहेत. कॉस्मसने ताट सरकवलं. पाचवं.

कडी माझ्याच हाताने — नाही — नको गंधा, पळ —

ये बाळा. ये गं. बस इथे माझ्याजवळ, गरम आहे तोवर —